मिश्र पिल्लांत माद्या किती निघतात?

गुहागरजवळच्या एका तरुणाचा प्रश्न आहे: "ताई, गणपती झाल्यावर गाडीवाल्याकडून महिन्याभराची दहा गावठी पिल्लं घेतली. 'नर-मादी मिश्र आहेत, निम्म्या माद्या निघतील' असं तो म्हणाला होता. एक पिल्लू घारीने नेलं. उरलेल्या नवांत सात कोंबडे निघाले, माद्या दोनच. वाडीतल्या आणखी दोन घरांनी त्याच गाडीवरून घेतली, त्यांच्याकडेही कोंबडेच जास्त. आमच्याकडे पर्यटक उतरतात. मे महिन्यात घरच्या अंड्यांसाठी सहा तरी कोंबड्या हव्यात. मी फसलो का? आणि आता किती पिल्लं घेऊ?"

देवगड तालुक्यात आमची कलमांची बाग आहे आणि त्या बागेत मी गेली 24 वर्षं कोंबड्या पाळते. असंच दुखणं घेऊन दरवर्षी दोघं-तिघं तरी माझ्या पडवीत येऊन बसतात. त्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते. अंड्यातून बाहेर येताना निम्मी पिल्लं मादी असतात आणि निम्मी नर. यात कोणाचं काही चालत नाही. पण ती निम्मी-निम्मी असतात अंडं फुटतं त्या दिवशी. तिथपासून तुमच्या अंगणापर्यंत पिल्लं किती हातांतून आली आणि त्या हातांनी मधल्यामध्ये काय काढून घेतलं, यावर तुमच्या माद्या ठरतात. महिन्याभराच्या पिल्लांवर असा हात बहुतेक वेळा फिरलेलाच असतो.

आधी निम्म्याचं बघू, कारण आपल्याकडे त्यावर भलत्याच समजुती आहेत. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं आणि बोल मात्र आईला लावतात. कोंबड्यांत खरंच आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन्ही गुणसूत्रं झेड असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडीने अंड्यात डब्ल्यू घातलं तर तलंग (अजून अंडी द्यायला न लागलेली तरुण कोंबडी), झेड घातलं तर कोंबडा. अंडं घातलं जाण्याच्या आधीच हा निकाल लागलेला असतो. म्हणजे "आमच्या कोंबड्याची पैदास नराकडे जास्त झुकते" या बोलण्याला काही अर्थ नाही, कोंबडा प्रत्येक अंड्यात झेडच घालतो. लांबट अंड्यातून कोंबडा आणि वाटोळ्यातून कोंबडी, अंड्यावर दोऱ्याने सुई टांगून बघणं, अमावास्या टाळून कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसवणं, हे सगळं मी सासूबाईंच्या शब्दाखातर इमानाने केलेलं आहे. त्या विषम संख्येची अंडी ठेवायच्या आणि वीज कडाडली तर डालग्यात लोखंडाचा तुकडा टाकायच्या. पिल्लं छान निघायची. पण नर-मादीचा हिशोब त्याने तसूभरही हलला नाही.

उबवणीच्या मशीनची उष्णता वाढवली की माद्या जास्त निघतात, असंही कोणीतरी सांगेल. हा घोळ कुठून आला असेल ते मला ठाऊक आहे. तुमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर आणि वर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांच्या पिल्लांचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. कासवाचा तो नियम कोंबडीला लागू नाही. उबवणीच्या मशीनची उष्णता चुकली तर पिल्लं अंड्यातच मरतील किंवा पाय वाकडे घेऊन येतील, पण कोंबड्याची कोंबडी होणार नाही.

आता "निम्म्या" या शब्दाबद्दल. दहा पिल्लं म्हटली की पाच माद्या, असं आपण सहज बोलून जातो. माझा भाचा शाळेत गणित शिकवतो. त्याने एकदा बसून मला आकडे काढून दिले, ते अजून माझ्या वहीत आहेत. दहांत बरोबर पाच माद्या निघण्याचा योग चार वेळांत एकदाच येतो. चार, पाच किंवा सहा माद्या धरल्या तर तीनांतून दोनदा. तीन किंवा त्याहूनही कमी माद्या पदरात पडणं हे सहा वेळांत एकदा होतं, म्हणजे अजिबात नवलाचं नाही. तुमच्यासारखं नवांत दोन किंवा त्याहून कमी, हे अकरांतून एकदा. अकरा घरांनी अगदी सचोटीच्या माणसाकडून पिल्लं घेतली, तरी त्यातलं एखादं घर कपाळावर हात मारणारच. तेव्हा नुसत्या तुमच्या नऊ पिल्लांवरून मी गाडीवाल्याला चोर म्हणणार नाही.

पण शेजारच्या दोन घरांचं तुम्ही जे लिहिलंय, त्याने चित्र बदलतं. त्यांच्याकडे जाऊन नीट मोजा. "जास्तच कोंबडे आहेत" यावर भागवू नका, आकडा घ्या. समजा तिन्ही घरांची मिळून 27 पिल्लं वाचली आणि त्यांत 21 कोंबडे निघाले. प्रमाण तुमच्यासारखंच, नवात सात. पण 27 त 21 किंवा त्याहून जास्त कोंबडे निव्वळ योगायोगाने निघणं हे सुमारे 340 वेळांत एकदा होईल. अशा वेळी नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही, कोणीतरी माद्या आधीच काढून घेतल्या असं समजा. छापा-काट्याचं असंच असतं. थोड्या फेकींत काहीही होतं, फेकी वाढत गेल्या की लबाडी लपत नाही. म्हणून वाडीतल्या बायकांनी पिल्लांचा हिशोब एकत्र ठेवला तर गाडीवाले जरा जपून वागतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. "या वेळी सगळे कोंबडे आले, आता पुढच्या खेपेला माद्या येतील" हे मनातून काढून टाका. पुढच्या पिल्लाला मागच्या पिल्लाची आठवण नसते.

तर मग हात कसा फिरतो? एकदिवसीय गावठी पिल्लू हातात घेऊन नर की मादी हे तुम्हाला-मला सांगता येत नाही. पण महिना-सव्वा महिन्याचं झालं की रोज त्यांच्यात वावरणाऱ्या माणसाला निम्म्याहून जास्त ओळखू येतात. आता त्याच्या बाजूने विचार करा. चार महिन्यांची तलंग एकदिवसीय पिल्लाच्या आठ-दहा पट भावाने जाते. मग ओळखू आलेल्या माद्या तो मागे ठेवणार, वाढवणार आणि तलंगा म्हणून विकणार. उरलेला माल "मिश्र" म्हणून गाडीत भरणार. तो खोटं बोलतो असंही नाही, मालात दोन-चार माद्या असतातच! म्हणून घेताना मी एकच प्रश्न विचारते: "तुमच्याकडे तलंगा पण मिळतात का?" तो उत्साहाने "हो ताई, पाहिजे तेवढ्या" म्हणाला की मी पिल्लं घेत नाही. तेवढ्या तलंगा आल्या कुठून, ते मला कळलेलं असतं.

उलटंही घडतं. शिमग्याच्या किंवा गटारीच्या तोंडावर गावठी कोंबड्याला भाव चढतो. त्या दिवसांत काही पाळणारे दांडगे नर राखून ठेवतात आणि अशक्त माद्या खपवतात. तेव्हा घेतलेल्या खेपेत मला माद्या जास्त मिळाल्या आहेत, पण त्यातल्या काही पुढे नीट अंड्यावर आल्याच नाहीत.

आणि कधीकधी तो हात आपलाच असतो. पहिल्या वर्षी मी खोक्यातून स्वतः निवडून बारा पिल्लं घेतली होती. चपळ, ताठ मानेची, जाड पायांची, दाण्यावर आधी तुटून पडणारी. अशी पाखरं निवडून काढताना मला फार हुशारी वाटली. त्यांतले नऊ कोंबडे निघाले. महिन्याभराच्या पिल्लांत ताठ मान, जाड पाय आणि दांडगाई ही नराचीच लक्षणं! सासूबाई हसून म्हणाल्या, "कोंबो झालो तर झालो, शिमग्याक येतलो कामाक." तेव्हापासून मी निवडतच नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यातली सरसकट उचलते, फक्त लंगडं, डोळे मिटून बसलेलं किंवा ढुंगणाला विष्ठा चिकटलेलं बाजूला काढते.

जत्रेत, एसटी स्टँडबाहेर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात. त्यांच्याबद्दल निम्म्याची गोष्टच करू नका. ती बहुतेक सगळी नर असतात. अंड्यांच्या व्यवसायातल्या हॅचऱ्यांना (पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रांना) फक्त माद्या लागतात, म्हणून तिथे पहिल्याच दिवशी निवड होते. 1920 च्या दशकात जपानमध्ये पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा बघून नर ओळखायची पद्धत बसवली गेली. तयार माणूस त्यात क्वचितच चुकतो. घरी करायला जाऊ नका, पिल्लाची आतडी बाहेर येतात. काही जातींत पंखांवरून कळतं: मुद्दाम जुळवलेल्या जोडीच्या पिल्लांत मादीची पंखाची पिसं पहिल्याच दिवशी लांब असतात, नराची आखूड. तपकिरी अंड्यांच्या संकरित कोंबड्यांत तर रंगावरूनच कळतं, मादी पिल्लू तांबूस आणि नर पिवळट पांढरा. म्हणून "तपकिरी अंड्यांची जात आहे" म्हणत कोणी पिवळी-पांढरी पिल्लं दाखवली तर तिथून निघा. गावठी पिल्लांना मात्र पंखांची किंवा रंगाची ही खूण भरवशाने लागू पडत नाही. अंड्यांच्या जातीचे नर अंगावर मांस धरत नाहीत, त्यामुळे हॅचरीला ते नकोसे होतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतले काही रंग चढवून पोरांच्या हातात येतात आणि आठवड्याभरात मरतात. पोरांसाठीसुद्धा घेऊ नका.

आता किती घ्यायची ते बघू. समजा हात न फिरलेली, खरीखुरी मिश्र पिल्लं मिळाली आणि सगळी जगली. सहा माद्या हव्यात म्हणून बारा घेतली, तर सहा किंवा जास्त माद्या मिळण्याची शक्यता शंभरात 61 इतकीच. सोळा घेतली तर जवळपास 90. पण कोकणात सगळी जगतात असं मी तरी बघितलेलं नाही. घार, मुंगूस, रानमांजर, धामण, आणि त्यात ओल. पाचांत एक जातं असं मी धरते. तेवढं धरलं की सहा माद्यांसाठी 20-21 पिल्लं लागतात. तरी दहांतून एकदा कमी पडणारच.

थोडी पिल्लं घेणाऱ्याला प्रमाणात जास्त जादा घ्यावी लागतात, ही गोष्ट मला भाच्याने दाखवून देईपर्यंत लक्षात आली नव्हती. तीनच माद्या हव्या असतील तर तेवढ्याच खात्रीसाठी 12 पिल्लं घ्यावी लागतात, म्हणजे चौपट. सहासाठी साडेतीनपटीला थोडी कमी. पंचवीस हव्या असतील तर 75 पुरतात, तिप्पट. म्हणून एकेकट्याने दहा-दहा घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून एक पूर्ण खोकं घ्यावं. हॅचरीचं खोकं शंभराचं असतं, आत पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे. हॅचरीतून बांधून आलेलं खोकं वाडीत येऊनच उघडायचं आणि न बघता वाटून घ्यायचं. वनराजा, गिरिराज यांसारखी परसातली सुधारित जात असेल तर एकदिवसीय पिल्लं सहसा निवड न करताच देतात, त्यामुळे तिथे निम्म्याचा भरवसा धरता येतो. कोल्हापूरला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलंत तर मागणी कशी नोंदवायची ते सांगतील. पिल्लू निघताना पोटात बलक घेऊन आलेलं असतं, त्यावर ते दोन दिवस दाण्या-पाण्याशिवाय काढू शकतं. त्यामुळे घाट उतरून येण्याची भीती नाही. भीती आहे ती गार वाऱ्याची, तेव्हा दुचाकीवरून उघड्यावर आणू नका.

एकदिवसीय पिल्लांचा ताप म्हणजे ऊब. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ 35 अंशांच्या आसपास हवी, मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायची. आमच्याकडे वीज भरवशाची नाही, म्हणून बल्बाच्या जोडीला मी घमेल्यात राखेखाली विस्तव तयार ठेवते, वर जाळी आणि खिडकी किलकिली, नाहीतर धुराने गुदमरतात. पिल्लं एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, भिंतीकडे पळून चोची वासून बसली तर उकडतंय, सगळीकडे पसरून चिवचिवत असली की ठीक. थर्मामीटरपेक्षा मी हेच बघते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आठवड्याच्या आत द्या, तिला कंटाळा करू नका. पावसात खाली घातलेला तूस ओला राहिला की रक्ती हगवण लागते. म्हणूनच मी जून-जुलैत पिल्लं आणत नाही.

खात्रीचा दुसरा मार्ग आपली खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी. शेजाऱ्याकडून फळलेली अंडी घेऊन तिच्याखाली ठेवली तर मध्ये कोणाचा हातच येत नाही. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्लं, घार-मुंगसाचं देणं देऊन सहा-सात मोठी, त्यांत तीनेक माद्या, असा माझा सरासरी हिशोब. ऊब ती देते, चरायला ती शिकवते, घार आली की पंखाखाली घेते. फक्त संख्या लहान, त्यामुळे नशिबाचा खेळ मोठा.

नर-मादी कधी ओळखायची म्हणाल तर घाई करू नका. चार-पाच आठवड्यांत मादीच्या पाठीवर पिसं लवकर भरतात, नराची पाठ उघडी-बोडकी राहते. सहा-आठ आठवड्यांत नराचा तुरा गुलाबी-लाल होऊन वर येतो, मादीचा पिवळट आणि बारीक राहतो. दहा-बारा आठवड्यांनंतर कमरेजवळची पिसं बघा. टोकदार, लांब, चकाकणारी पिसं खाली ओघळू लागली तर कोंबडा. मादीची तिथली पिसं गोलसर असतात. ही खूण सहसा चुकत नाही, बाकीच्या चुकतात. कडकनाथात तुराच काळा, त्यामुळे लालीवर जाऊ नका. असिलाच्या रक्ताच्या पिल्लांचा तुरा बारीक असतो, तिथेही थांबावं लागतं. एकदा मी आठव्या आठवड्याला तलंग म्हणून जावेला दिलेलं पाखरू तिच्या माळ्यावर आरवलं. जाऊबाई अजून ऐकवतात.

तुमचं मे महिन्याचं गणित मात्र पिल्लांनी सुटणार नाही. आज जानेवारी आहे. सुधारित जात पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते, गावठी सहा-सात. आज आणलेलं एकदिवसीय पिल्लू तुम्हाला पहिलं अंडं देईल तेव्हा पर्यटक घरी जाऊन पाऊस सुरू झालेला असेल. या हंगामापुरता जुगार नको. घरातल्या दोन माद्या आहेतच, त्यांत चार महिन्यांच्या चार-पाच तलंगा घाला. त्या मार्च-एप्रिलला अंड्यावर येतील. भाव जास्त वाटेल, पण तुम्ही मादी विकत घेताय, आशा नाही. शासनाच्या योजनेतही 25 माद्या तलंगा आणि 3 नर असा गट देतात. वाडीत कोणी घेतला असेल तर त्यातूनही मिळू शकतात. नवी पाखरं आणलीत की पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवा, मगच जुन्यांत सोडा.

तलंगा घेतानाही एक फसवणूक आहे. मोठ्या फार्मवरच्या, अंडी कमी झालेल्या कोंबड्या रस्त्यावर स्वस्तात विकायला येतात. कोणी त्यांनाच "अंड्यावर आलेली तलंग" म्हणतो. पायांचे खवले बघा: तलंगेचे गुळगुळीत आणि रसरशीत, जुन्या कोंबडीचे खरखरीत, उचललेले. मग ढुंगणाखाली दोन बाजूंना असलेली बारीक हाडं चाचपा. अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावतं. दोन-तीन बोटं सहज गेली तर ती अंडी घातलेली कोंबडी आहे. विकणाऱ्यासमोर हे करायला लाजू नका.

आणि सहा कोंबड्या म्हणजे किती अंडी, याचाही विचार केलात का? गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाला 60-70 अंडी. सहा कोंबड्यांची मिळून वर्षाची 400 च्या आसपास, म्हणजे दिवसाला एकाहून थोडं जास्त. एवढ्यात पर्यटकांच्या ताटात काय वाढणार? वनराजा परसात शंभराच्या आसपास घालते, ग्रामप्रिया त्याहून पुष्कळ जास्त, 160 च्या पुढे. सहा ग्रामप्रिया असतील तर दिवसाला अडीच-तीन अंडी धरा. माझं मत विचाराल तर अंड्यांसाठी तीन-चार ग्रामप्रिया ठेवा आणि उबवायला एक-दोन गावठी, कारण सुधारित जाती मनावर घेऊन खुडूक बसत नाहीत. गावठी अंड्याला भाव मिळतो हे खरं, पण पाहुणा न्याहारीला आमलेट मागतो तेव्हा त्याला दोन अंडी समोर हवी असतात.

पुढच्या वर्षासाठी गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की, वाडीत मिळून खोकं घ्या. फेब्रुवारी-मार्चला माद्या अंड्यावर येतील आणि कोंबडे शिमग्याला तयार. कोकणात कोंबडा हा तोटा नाही, हे घाटावरच्या लोकांना पटत नाही. राखणीला, जत्रेला, जावयाच्या कोंबडी-वड्यांना गावठी कोंबडाच लागतो. समजा 40 रुपयांची 20 पिल्लं घेतली, सोळा जगली, आठ कोंबडे निघाले आणि पाचशेच्या भावाने सात गेले, तर साडेतीन हजार आले. त्यात पिल्लांची किंमत आणि दाण्याचा बराचसा खर्च निघतो. दाणा सगळा विकतचा घालू नका, तांदळाची कणी, नाचणी, वाळवीचं वारूळ यावर गावठी पाखरू खूष असतं. तुमच्या भागातले भाव टाकून हाच हिशोब स्वतः मांडून बघा. झुंजीसाठी कोंबडा मागायला कोणी आलं तर देऊ नका, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे, आणि चांगलं पाखरू फुकट मरतं.

आता तुमच्या सात कोंबड्यांचं. दोन माद्यांत सात कोंबडे ठेवले आहेत तुम्ही, आणि चार-पाच महिन्यांची झाली म्हणजे आता एकमेकांवर उठत असतील. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे. नुसती खायची अंडी हवी असतील तर तोही नको, कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालतेच. सात नर दोन तलंगांच्या मागे लागले की त्यांच्या पाठीची पिसं उपटतात, कातडी फाटते, आणि घाबरलेली तलंग अंड्यावर यायला उशीर करते. तेव्हा आज संध्याकाळी पाखरं खुराड्यात जातील तेव्हा दोन्ही माद्या उचलून वेगळ्या डालग्यात घाला. कोंबड्यांतला शांत, माणसाच्या अंगावर न येणारा एक ठेवायला बाजूला काढा आणि बाकी सहांचं शिमग्याआधीच बोलून ठेवा, ऐनवेळी सगळ्यांचेच कोंबडे बाजारात येतात.